पंखा जरा घरघरतो

चष्म्याच्या दुकानात पुढे काउंटर असतो, आरसे असतात, गोड बोलणारा एक माणूस असतो. मागे लाकडी आडोसा असतो, आणि त्या आडोशामागे बसून जो काचा कापतो, घासतो, फ्रेममध्ये बसवतो, त्याचं तोंड गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही. आपला माणूस हा आडोशामागचा. एकवीस वर्षं एकाच स्टुलावर. काच तयार झाली की ती नंबर मोजायच्या यंत्राखाली धरायची, चिठ्ठीवरच्या नंबराशी ताडून पाहायची आणि मगच डबीत घालायची, हा त्याचा नेम. चार माणसं खोळंबली असोत, मालक घाई करोत, न पाहता काच त्यानं कधी पुढे जाऊ दिली नाही. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचं ऐकताना ते आठवून तुम्हाला त्याचा राग येणार आहे. मला तरी आला.

पण त्याचा जीव काचांत नव्हता, लिनक्समध्ये होता. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी एक फुकट आणि उघडी व्यवस्था. कुणीही ती घ्यावी, आत डोकावावं, बदलावी आणि आपलं वेगळं बिऱ्हाड मांडावं. अशी शेकडो बिऱ्हाडं जगात आहेत, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. त्यातलंच एक तीस-चाळीस हौशी माणसांनी गावोगावच्या घरांत बसून उभं केलेलं. त्याचा हेतू एकच होता, लोकांनी भंगारात काढलेल्या जुन्या कॉम्प्युटरांना पुन्हा कामाला लावायचं. ही डिस्ट्रो वापरणारे चार हजारांवर लोक होते, आणि त्यांना दर रविवारी एक बातमीपत्र जायचं. नवं काय आलं, कोण कशावर काम करतंय, कोण आलं, कोण गेलं, कुणाचे आभार मानायचे. हे बातमीपत्र सहा वर्षं आपला माणूस लिहीत होता. तिथं कुणी खऱ्या नावानं ओळखलं जात नसे. याला सगळे चष्मेवाले म्हणत.

आणि लिहायचा झकास! कोड लिहिणाऱ्या मंडळींचे रुक्ष अहवाल तो असे सोपे करून सांगायचा की ज्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही तेही रविवारची वाट बघायचे. दुकानात त्याला 'अरे, त्या सोनेरी फ्रेमचं काय झालं?' याखेरीज कुणी काही विचारत नसे. इथं लोक विचारत, "चष्मेवाल्यांचं काय मत आहे?"

याला आणखी एक कारण होतं. डिस्ट्रोत कोणताही बदल लोकांपर्यंत पाठवण्याआधी दोन टिका, म्हणजे 'तपासलं, बरोबर आहे' अशा दोन खुणा, लागत. एक नव्या मशीनवर तपासल्याची, दुसरी जुन्या मशीनवर. आता गंमत बघा. जुन्या मशीनसाठी झटणारी ही सगळी मंडळी, पण एकेक करून प्रत्येकानं स्वतः नवं मशीन घेतलं होतं. खरोखरीचा जुना, चौदा वर्षांचा लॅपटॉप उरला होता तो फक्त चष्मेवाल्यांकडे. त्यामुळे त्याच्या टिकेशिवाय पान हलत नसे. सगळ्यांवर देखरेख करणारे गृहस्थ, ज्यांना सगळे मुकादम म्हणत, तेही लिहायचे, "चष्मेवाल्यांची टिक आली की सोडतो." हे वाक्य वाचून तो आडोशामागे एकटाच हसायचा.

आठ महिन्यांपूर्वी त्या लॅपटॉपनं मान टाकली. बटण दाबलं, दिवा लागला, गेला, संपलं. त्यानं उघडून पाहिला, पुसला, फुंकर मारली, काही नाही. त्याच आठवड्यात मुकादमांचा निरोप आला, "फक्त तुमची टिक राहिलीय." बदल किरकोळ होता, घड्याळ दाखवणाऱ्या एका चौकटीचा. त्यानं मनाशी म्हटलं, आत्तापुरती मारू, लॅपटॉप दुरुस्त झाला की बघू. आणि टिक मारली.

काही बिघडलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा मारली. लॅपटॉप काही दुरुस्त झाला नाही आणि टिका काही थांबल्या नाहीत. नुसती टिक कोरडी वाटते म्हणून हा बाबा शेजारी दोन शब्दही लिहू लागला. "चाललं. पंखा जरा घरघरतो, बाकी ठीक." मेलेल्या लॅपटॉपचा पंखा घरघरतो म्हणून जगाला कळवणारा हा पहिलाच प्राणी असावा. त्यावर मावशींचं उत्तरही आलं, "पंख्यात धूळ बसली असेल. मऊ ब्रशनं साफ करा, काळजी घ्या त्याची." त्यानं "करतो" म्हणून लिहिलं.

मावशी म्हणजे नव्या मशीनची टिक मारणाऱ्या. एकाहत्तर वर्षांच्या, गणित शिकवून निवृत्त झालेल्या. निवृत्तीनंतर कॉम्प्युटर शिकल्या आणि अशा शिकल्या की बदलांचे गठ्ठे बांधून लोकांकडे पाठवण्याचं अखेरचं कामही त्यांच्याकडेच आलं. त्यांच्या टिकेसोबत दीड पान मजकूर असायचा. काय पाहिलं, कितीदा पाहिलं, काय पाहता आलं नाही. कोवळे डेव्हलपर त्यांना टरकून असत.

मग तो गुरुवार आला. या खेपेचा बदल मोठा होता, थेट गाभ्यातला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या भागातला. चष्मेवाल्यानं जेवणाच्या सुट्टीत फोनवरूनच टिक मारली. "चाललं. पंखा जरा घरघरतो, बाकी ठीक." शुक्रवारी मावशींना सूचनांच्या मजकुरात एक वाक्य चुकलेलं दिसलं. त्यांनी ते सुधारलं, गठ्ठा पुन्हा बांधला, शनिवारी आपली टिक मारून तो पाठवला. रविवारी बातमीपत्रात चष्मेवाल्यानं मोठ्या थाटात लिहिलं की आता तुमची जुनी मशीनं दुप्पट वेगानं सुरू होतील.

सोमवारी सव्वादहाला बायकोचा फोन आला. ती सार्वजनिक वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्याच्या टेबलावर बसते. तिथले सहा जुने कॉम्प्युटर त्यानंच या डिस्ट्रोवर आणून दिले होते.

"अहो, सगळे काळे झालेत."

"काळे म्हणजे?"

"काळे म्हणजे काळे! सहाच्या सहा. सुरू होतात आणि पडदा काळा. इथं माणसं ताटकळलीत, मी काय सांगू त्यांना?"

सुरू होताना मागची आवृत्ती कशी निवडायची ते त्यानं फोनवर समजावलं. तिनं एकेक करून सहाही सुरू केले. तोवर इकडे डिस्ट्रोच्या ग्रुपवर निरोपांचा पाऊस पडला होता. टायपिंगचा क्लास चालवणारे एक गृहस्थ अकरा काळ्या पडद्यांचा फोटो टाकून विचारत होते की आता विद्यार्थ्यांना काय शिकवू. जिथं जिथं जुनं मशीन होतं तिथं तिथं अंधार. त्या दिवशी त्यानं एक काच उलटी कापली, एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

मंगळवारी मुकादमांनी सगळ्यांसमोर साधा प्रश्न विचारला. "चष्मेवाले, गुरुवारी तुमच्याकडे चाललं होतं ना?"

इथं तो सुटू शकत होता. 'नाही, पाहिलं नव्हतं' एवढं लिहायचं, दोन शिव्या खायच्या, मोकळं व्हायचं. पण चार हजार माणसं बघतायत असं त्याला वाटलं, कान तापले, आणि बोटांनी भलतंच लिहिलं.

"हो, माझ्याकडे व्यवस्थित चाललं."

आता यातून काय निघालं ते पाहा. गुरुवारी जुन्या मशीनवर चाललं आणि सोमवारी चाललं नाही, म्हणजे मधे कुणाचा तरी हात लागला. हात लागला होता एकाच माणसाचा. कुणी उघड नाव घेतलं नाही, पण 'शुक्रवारी गठ्ठा पुन्हा बांधला गेला होता' असं दोघा-तिघांनी लिहिलं. बुधवारी सकाळी मावशींनी स्वतःच लिहिलं. "मी पुन्हा तपासलं. माझ्याकडची फाइल बरोबर दिसते आहे. पण चष्मेवाल्यांकडे चाललं होतं म्हणतात, तेव्हा बांधताना मीच काहीतरी चुकीचं उचललं असणार. कुठे ते मला सापडत नाही, आणि जे सापडत नाही ते पुन्हा होईल. माझं नाव तपासनिसांच्या यादीतून काढावं." मुकादमांनी थांबायला सांगितलं. त्या थांबल्या नाहीत. गणिताच्या बाई त्या, हिशेब जुळत नाही म्हटल्यावर त्यांनी चूक स्वतःच्या बाजूला धरली.

चष्मेवाल्यानं ते आडोशामागे बसून वाचलं. पुढे काउंटरवर एक बाई आरशात बघत हसत होती. त्याला वाटलं, उठावं, फोन नाल्यात टाकावा आणि जन्मभर फक्त काचा घासाव्यात. पण संध्याकाळी मावशींचा खासगी निरोप आला आणि पळून जायची तीही वाट बंद झाली.

"चष्मेवाले, रविवारी 'आले-गेले' सदरात माझ्याबद्दल तुम्ही लिहालच. चूक झाकू नका. फक्त वय झालं म्हणून चुकली असं लिहू नका, त्याचा मला राग येतो. चूक झाली म्हणून चुकली, एवढं सरळ लिहा. तुम्ही नीट लिहाल याची खात्री आहे."

त्या शेवटच्या वाक्यानं त्याला दोन दिवस जेवण गेलं नाही. तरी त्याला लाज मात्र आली नाही असं मी आत्तापर्यंत समजत होतो. चूक माझी. लाज आली होती, भरपूर आली होती. पण लाज येणं आणि तोंड उघडणं यांत बरंच अंतर असतं, आणि तो त्या अंतरात हातपाय गाळून बसला होता.

शनिवारी दुपारी त्यानं मावशींचा निरोपाचा मजकूर लिहून काढला. सांगायला वाईट वाटतं, पण मजकूर उत्तम उतरला. "ज्यांनी आपल्याला पाहायला शिकवलं" अशी एक ओळ होती. ती लिहून झाल्यावर क्षणभर तो स्वतःवर खूषही झाला. मग कागद छापून नेहमीसारखा बायकोपुढे ठेवला. बातमीपत्र जाण्याआधी शुद्धलेखनासाठी ते ती वाचते, हाही सहा वर्षांचा रिवाज.

ती खिडकीपाशी खुर्चीत बसून पेन्सिल घेऊन वाचू लागली. एका ठिकाणी वेलांटी दुरुस्त केली. मग थांबली. मागचं पान उलटून पुन्हा पाहिलं, जिथं त्यानं घडलेल्या प्रकाराची हकिकत दिली होती.

"अहो, एक विचारू?"

"विचार की."

"गुरुवारी तुमच्या लॅपटॉपवर चाललं होतं असं लिहिलंय. तो लॅपटॉप तर कपाटात आहे. मीच जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलाय. मग तपासलंत कशावर?"

तिच्या आवाजात संशय नव्हता. पंचाहत्तर पुस्तकं गेली आणि चौऱ्याहत्तर परत आली तर ती जशी विचारते, तसं विचारलं होतं.

"तपासलं नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"आठ महिने झाले. काहीच तपासलं नाही."

"आणि हे 'पंखा जरा घरघरतो'?"

"ते... खरं वाटावं म्हणून."

तिला आधी हसू फुटलं. मग त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि हसू जागच्या जागी विरलं. तिनं कागद मांडीवर ठेवला.

"माझ्याकडे सहा मशीनं आहेत. रोज दहा ते सहा मी तिथंच असते. एका शब्दानं बोलला असतात तर एकावर टाकून बघितलं असतं. दहा मिनिटांचं काम."

"ते माझं मशीन झालं नसतं ना."

हे तोंडातून निघून गेलं आणि मग त्याला स्वतःलाच ऐकू आलं. खरं कारण एवढंच होतं. लॅपटॉप मेला असं सांगितलं असतं तर दुसरं कुणीतरी तपासलं असतं, आणि मग 'चष्मेवाल्यांची टिक आली की सोडतो' असं कुणी लिहिलं नसतं. तेवढ्या एका वाक्यासाठी अकरा पडदे काळे झाले होते, वाचनालयात माणसं खोळंबली होती, आणि एक बाई आयुष्यात न केलेल्या चुकीचा शोध घेत बसल्या होत्या.

"दुकानात असं केलं असतंत?" तिनं विचारलं.

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"या बाईंना मी पाहिलेलं नाही," ती म्हणाली, "पण मला त्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटतेय. तुम्हाला किती वाटत असेल." आणि पेन्सिल टेबलावर ठेवून ती आत गेली. पुढचं पान तिनं तपासलंच नाही.

रविवारच्या बातमीपत्रात 'आले-गेले' सदर नव्हतं. सगळ्यात वर, जिथं नव्या बदलांची जाहिरात असायची तिथं, चार ओळी होत्या.

"गुरुवारी जुन्या मशीनवर तपासल्याची टिक मी मारली. मी तपासलं नव्हतं. माझा लॅपटॉप आठ महिने बंद आहे आणि त्या आठ महिन्यांतल्या माझ्या सगळ्या टिका खोट्या आहेत. मंगळवारी विचारलं तेव्हाही मी खोटं बोललो. मावशींच्या हातून काहीही चूक झालेली नाही."

पाठवायचं बटण दाबताना त्याचा अंगठा घसरला, इतका घाम सुटला होता.

पुढचं अपेक्षेप्रमाणेच झालं. टायपिंग क्लासवाल्यांनी लिहिलं, "आणि आम्ही तुमच्या भरवशावर बसलो होतो." आठ महिन्यांतल्या एकतीस टिका लोकांनी शोधून काढल्या, पंख्यासकट. एकानं ती ओळ विनोद म्हणून सगळीकडे चिकटवायला सुरुवात केली. जिथं काही बिघडेल तिथं कुणीतरी लिहायचं, 'पंखा जरा घरघरतो', आणि बाकीचे हसायचे. मुकादमांनी यादीतून एक नाव काढलं, एक नाव परत घातलं, आणि नवा नियम लावला. यापुढे कुणीही काहीही कळवलं तरी ज्या मशीनवर पाहिलं त्याचा फोटो सोबत हवा. नियम सगळ्यांना होता, पण कुणामुळे आला हे प्रत्येकाला ठाऊक होतं. बातमीपत्राचं काम मात्र काढलं नाही. कदाचित दुसरं कुणी मिळालं नसेल. आता तो कोरड्या बातम्या कोरड्याच लिहायचा.

मावशींकडून अवाक्षर नव्हतं. त्यानं माफीचं पत्र तीनदा लिहिलं. दोनदा फारच छान झालं म्हणून फाडलं, तिसरं पाठवलं. दोन वाक्यांचं. उत्तर आलं नाही. बारा दिवस गेले. मग एक निरोप आला, "पत्ता कळवा." एवढाच. त्यानं कळवला.

पार्सल दुकानात आलं. पुढच्या माणसानं ते आडोशावरून आत दिलं. जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेला एक लॅपटॉप, त्याच्या लॅपटॉपहून वर्षभरानं जुनाच असावा. सोबत वहीच्या कागदावर, गोल आणि स्वच्छ अक्षरात:

"माळ्यावर दोन होते, त्यातला बरा पाठवला आहे. परत नको. आठ महिन्यांपूर्वी सांगितलं असतंत तर तेव्हाच पाठवला असता. याचाही पंखा घरघरतो. तुम्हाला सवय आहेच."

त्यानं झाकण उघडलं. खाली, जिथं तळहात टेकतो तिथं, शाळेच्या वह्यांवर लावतात तसलं एक लेबल चिकटवलं होतं. त्यावर त्याच अक्षरात लिहिलं होतं, "पाहिल्याशिवाय लिहायचे नाही." घरात बायकोनं ते वाचलं आणि लॅपटॉपसाठी टेबलावर जागा करून दिली.

पुढच्या रविवारी सकाळी एक नवा बदल तपासणीसाठी आला. टिक मारायचा हक्क आता त्याला नव्हता, पण काही बिघडलं तर कुणीही कळवू शकत असे. त्यानं तो लॅपटॉपवर घातला. सुरू केला, बंद केला, पुन्हा सुरू केला. फायली उघडल्या, चिठ्ठी छापून पाहिली, बायकोच्या हेडफोनमधून गाणं लावलं. गाणं वाजेना. पुन्हा लावलं. मागची आवृत्ती निवडून लावलं तर वाजलं, नवीवर नाही. दीड तास त्यानं ते उलटंसुलटं करून पाहिलं. कित्येक महिन्यांत त्यानं खरोखर पकडलेली ही पहिलीच चूक होती, आणि आनंद व्हायला हवा होता. त्यानं लिहिलं, "नव्या बदलानंतर हेडफोनमध्ये आवाज येत नाही."

पाच मिनिटांत मुकादमांचं उत्तर आलं. "कोणत्या मशीनवर? फोटो लावा."

त्यानं लॅपटॉप खिडकीपाशी नेला, फोन धरला. पडदा दिसत होता, कळा दिसत होत्या, आणि खाली ठळक, गोल अक्षरातलं लेबल दिसत होतं. त्यानं फोन वर घेऊन पाहिला, म्हणजे नुसता पडदा येईल. मग मशीन ओळखू येईना. त्यानं फोन ठेवला आणि लेबलाचा एक कोपरा नखानं हळूच उचलला. चांगला डिंक होता, पण सुटत होता. लेबल काढून फोटो घ्यायचा आणि परत लावायचं, कुणाला कळणार होतं?

हे आपण काय करतोय ते त्याच्या लक्षात आलं तेव्हा नख अर्ध्यावर होतं. घरात कुणी नसतानाही त्यानं मागं वळून पाहिलं. मग अंगठ्यानं तो कोपरा दाबून, घासून पुन्हा चिकटवला, आणि लेबल स्पष्ट वाचता येईल असा फोटो काढला.

फोटोखाली त्यानं लिहिलं, "मशीन मावशींचं आहे. पंखा घरघरतो." दुसरं वाक्य वाचून लोक पुन्हा हसणार हे त्याला माहीत होतं. ते पुसावं का, असा क्षणभर विचार त्यानं केला. मग कान पंख्याजवळ नेऊन त्यानं खात्री करून घेतली, आणि ते तसंच पाठवलं.